बाजाराच्या वाटेवरच्या बायका आणि उर्मिला पवार यांचं दप्तर

1880 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड निघाला. रत्नागिरी आणि सावंतवाडी यांचा हा खंड कोकणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही लागतो. बंदरं, घाट, खाड्या, भातजमिनी, मासळी, किल्ले, जाती, काहीही हवं असलं की पहिला हात तिथे जातो. त्याच वर्षी खोतीचा कायदा झाला आणि सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या गावांतली कुळं, जमिनी आणि खंड यांची नोंद ठेवणारं बोटखत महसुली दप्तरात महत्त्वाचं ठरलं. राज्य चालवणाऱ्यांना जे मोजायचं होतं ते या कागदांनी मोजलं. डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन खेड्यातून रत्नागिरीच्या बाजाराला पायी येणारी महार बाई त्या मोजणीत नावानिशी बसणारी नव्हती. तिच्या नावावर जमीन नाही, तिचा खंड नाही, तिची सही नाही. तिचं नाव लिहून ठेवावं असं कारण कुणालाच नव्हतं.

ही बाई सविस्तर भेटते ती 2003 साली ग्रंथालीने प्रकाशित केलेल्या उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये. आत्मकथनाची सुरुवातच त्या वाटेवर होते. गावच्या बायका जथ्याने निघालेल्या आहेत. कुणाच्या डोक्यावर गवत, कुणाच्या लाकडं, कुणाच्या आंब्यांच्या किंवा बांबूच्या टोपल्या. डोंगर चढायचा आणि उतरायचा, बाजारात माल विकायचा आणि मिळालेल्या थोड्या पैशांत घरचं सामान घेऊन पुन्हा तीच वाट धरायची. चालताना बोलणं थांबत नाही. इतक्या आडबाजूला गाव वसवणाऱ्या पूर्वजाचा त्या मनसोक्त उद्धार करतात. लेखिकेने या बायकांना ओझ्याखाली वाकलेल्या मूक आकृत्या केलेलं नाही. त्यांना जीभ आहे, हिशेब आहे, राग आहे, हसू आहे. माझ्या दृष्टीने रत्नागिरीच्या सामाजिक इतिहासाचं हे अव्वल दर्जाचं साधन आहे, आणि त्याला केवळ 'एका दलित स्त्रीची कहाणी' म्हणून बाजूला ठेवणं हे जिल्ह्याच्या इतिहासाचं नुकसान आहे.

उर्मिला पवार यांचा जन्म 1945 चा, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याचा. वडील शाळामास्तर. मुलांनी शिकावं म्हणून त्यांनी कुटुंब रत्नागिरी शहरात आणलं, आणि मुलगी तिसरीत असतानाच ते वारले. पुढे घर आईच्या हातांवर चाललं. आई आयदानं विणायची. सुपं, टोपल्या, रोवळ्या अशा बांबूच्या सगळ्या जिनसांना तिकडे आयदान म्हणतात. महाराष्ट्राच्या इतर भागांत हा धंदा बुरुडांचा. कोकणात तो महारांकडे होता. 'आयदान'मध्ये ही गोष्ट स्पष्ट सांगितलेली आहे, आणि अर्थव्यवहार समजून घेऊ पाहणाऱ्याने तिथे थांबायला हवं. देशावरच्या महारांच्या जगण्याबद्दल वाचलेलं सगळं कोकणावर जसंच्या तसं लावता येत नाही, हे त्यातून कळतं. गावकीची, खोताची बिनमोल कामं इथेही होतीच. पण त्यांच्या जोडीला हाताने केलेला, शहरात विकला जाणारा माल होता, आणि तो करणारी आणि विकणारी बहुतेक वेळा बाई होती. नवऱ्यामागे मुलं शिकवणारी विधवा या धंद्यावरच उभी राहू शकली.

मालाला गिऱ्हाईक होतं, पण माल देणारा हात नको होता. तयार आयदानं घरोघर पोचवायचं काम मुलीकडे असे. घेणारे वस्तूवर पाणी शिंपडून ती आत नेत आणि पैसे वरून हातावर टाकत. अस्पृश्यता म्हणजे देऊळ आणि पाणवठा असं आपण पाठ केलेलं आहे. इथे ती रोजच्या देवघेवीत दिसते. भात पाखडायला जे सूप लागतं ते महार बाईच्या मांडीवर तासन् तास घडलेलं असतं, हे घेणाऱ्याला पुरतं ठाऊक आहे. वर शिंपडलेल्या चार थेंबांनी ते विसरायचं, एवढाच तो विधी.

शाळेतलाही एक प्रसंग पुस्तकात आहे. मुलींमधून शेण काढायच्या कामासाठी नेमकी हीच मुलगी निवडली जाते, शिक्षकाच्या हातचा मारही बसतो. गालावर वळ घेऊन ती घरी येते. ओटीवर विणत बसलेली आई सगळं ऐकते आणि त्या शिक्षकाला रस्त्यात गाठून भर लोकांत जाब विचारते. मुलीच्या मनात त्या दिवशी आईची जी जागा झाली ती पुढच्या पुष्कळ कथांमध्ये सापडते.

आता प्रश्न असा, की आठवणींवर लिहिलेलं पुस्तक इतिहासाला किती चालेल? लेखिका मुंबईत बसून जवळपास अर्ध्या शतकापूर्वीचं लिहीत होती. स्मरण निवड करतं, रंग गडद करतं. म्हणून अशा पुस्तकाला दुसऱ्या साधनांशेजारी ठेवून पाहावं लागतं. त्याच्या आधीची बायकांची आत्मकथनं आपल्याकडे आहेत. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' 1981 चं, मुक्ता सर्वगोड यांचं 'मिटलेली कवाडं' 1983 चं, बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' 1986 ची. विदर्भ, फलटणचा परिसर, सोलापूरकडचा भाग असे त्यांचे प्रदेश वेगळे, पिढ्याही सारख्या नाहीत. तरी मुलीच्या शिक्षणासाठी आईने सोसलेलं, शाळेतला अपमान आणि बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घरात येताच बदललेली हवा हे धागे सगळीकडे जुळतात. जिथे जुळत नाहीत, म्हणजे बांबूचा धंदा, खाडीतल्या शिंपल्या, मासळीवरचं खाणं, मुंबईच्या पगारावर टेकलेलं गाव, तिथे 'आयदान' आपल्याला कोकणचं वेगळेपण देतं. जुळणं आणि न जुळणं दोन्ही विश्वास वाढवणारं आहे.

उर्मिला पवार यांच्या घरामागे रत्नागिरी जिल्ह्याचा एक जुना लढा उभा आहे. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. दापोली म्हणजे पलटणीतल्या पेन्शनरांचं गाव, बाबासाहेबांच्या वडिलांचंही काही काळ वास्तव्य तिथलंच. वलंगकरांनी 1888 साली 'विटाळ विध्वंसक' ही पुस्तिका छापली आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार काय, असे प्रश्न वरच्या जातींना रोखठोक विचारले. महारांची सैन्यभरती बंद होऊ लागली तेव्हा 1894 साली त्यांनी सरकारकडे दाद मागणारा अर्ज तयार केला. जोतीराव फुल्यांचा वारसा कोकणात रुजवणारा हा माणूस. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मालगुंडच्या केशवसुतांनी 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' लिहिली. ब्राह्मण घरातल्या कवीला तो प्रश्न ऐकू आला ही मोठीच गोष्ट. तरी कवितेतला प्रश्न बाहेरून ऐकलेला आहे, वलंगकरांचा प्रश्न आतून आलेला आहे, आणि दोन्हीकडे विचारणारा पुरुष आहे.

लेखिकेच्या घराण्यात सांगितली जाणारी एक आठवण 'आयदान'मध्ये आली आहे. महारांची लग्नं लावायला येणारा भटजी विटाळ नको म्हणून झाडावर चढून मंगलाष्टकं म्हणायचा. घराण्यातल्या एका पूर्वजाने हे नाकारलं आणि आपल्या लोकांची लग्नं आपणच लावायला सुरुवात केली. सत्यशोधक समाज 1873 साली स्थापन झाला आणि त्याने भटजीशिवाय विवाह लावले, ही कागदोपत्री घट्ट नोंद आहे. दोन्ही गोष्टी एका रेषेत ओढण्याचा मोह होतो. पण घराण्याची आठवण ही आठवण म्हणूनच ठेवावी आणि सत्यशोधकांची नोंद नोंद म्हणून. दोन्हींतून एवढं नक्की निघतं की कोकणातल्या महारांनी मानाचा प्रश्न मुंबईहून किंवा पुण्याहून आयात केला नव्हता.

रत्नागिरी शहराच्या सुधारणेचा जो इतिहास शाळेत सांगितला जातो तो बहुतेक 1924 ते 1937 या सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळाभोवती फिरतो. सहभोजनं झाली, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, 1931 च्या फेब्रुवारीत ते सर्वांना खुलं झालं. कीर भंडारी समाजातले, स्वतः हलाखीतून वर आलेले, त्यांचं औदार्य मोठं. या प्रयत्नांचं मोल कमी करण्याचं मला कारण दिसत नाही. मात्र या कथेत अस्पृश्य समाज बोलावला जातो, बसवला जातो, आत घेतला जातो. तो स्वतः काय करत होता ते तिथे कळत नाही. ते कळण्यासाठी दुसरं दप्तर उघडावं लागतं. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 10 जानेवारी 1938 ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. प्रत्यक्षात खोती संपवणारा कायदा 1949 साली झाला. देवळाचं दार आणि खोताची जमीन या दोन प्रश्नांत रत्नागिरीच्या महारांना कोणता अधिक टोचत होता, हे या तारखाच सांगतात.

त्याआधी डिसेंबर 1927 ची महाडची परिषद आहे. मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. पातळ घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्यतेची खूण ठरलेले गळ्यातले आणि हातातले दागिने टाका, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, मुलींना शिकवा, असा त्या बोलण्याचा रोख होता. चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या बायकांनी तिथेच पातळ नेसायची पद्धत दाखवली. परिषदेचा हा भाग एरवी दोन ओळींत उरकला जातो. मला तो फार मोठा वाटतो. एका नेसण्याने बाईने गावाला सांगून टाकलं की आजपासून मला बघून माझी जात ओळखता येणार नाही. त्याचा राग गावोगाव निघाला आणि तो सोसला बायकांनी.

या बायका कोण होत्या? इथेच उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं काम सुरू होतं.

लग्न होऊन 1966 नंतर उर्मिला पवार मुंबईत आल्या. बांधकाम खात्यात नोकरी, घर, मुलं आणि त्यातच मराठी घेऊन एम. ए. मुंबईत त्यांच्यासमोर एकीकडे आंबेडकरी चळवळ होती, दुसरीकडे 1975 नंतर जोर धरलेली स्त्री चळवळ. दोन्ही ठिकाणी त्या गेल्या आणि दोन्ही ठिकाणी काहीतरी खुपलं. दलित संघटनांच्या सभेत बाईचा प्रश्न मागे सारला जाई. स्त्रियांच्या गटांत सगळ्या बाया सारख्याच, असं गृहीत धरून जात बाहेर ठेवली जाई. हे दोन्ही त्यांनी 'आयदान'मध्ये नावं ठेवण्यासाठी लिहिलेलं नाही. दोन्ही चळवळींनी आपल्याला काय दिलं तेही त्या तितक्याच मोकळेपणाने सांगतात. स्वतःच्या संसारातही शिकलेल्या, कमावत्या बायकोचं बाहेर पडणं किती जड गेलं हे त्या लपवत नाहीत.

मीनाक्षी मून यांच्याबरोबर लिहिलेलं 'आम्हीही इतिहास घडवला' 1989 साली स्त्री उवाच प्रकाशनाने काढलं. आंबेडकरी चळवळीतला स्त्रियांचा सहभाग हा त्याचा विषय. मीनाक्षी मून 'मैत्रणी' या नियतकालिकाच्या संपादक. बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांचे खंड संपादित करणारे वसंत मून हे त्यांचे पती, म्हणजे घरातच कागदांची कदर. पुस्तकाची बांधणी साधी आणि पक्की आहे. पहिल्या भागात वर्तमानपत्रं, परिषदांचे वृत्तान्त, ठराव यांच्या आधारे चळवळीतल्या बायकांचा क्रम लावला आहे. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष त्या बायकांच्या, किंवा त्यांना पाहिलेल्यांच्या, मुलाखती आहेत. 'बहिष्कृत भारत' 1927 चं, 'जनता' 1930 चं. या पत्रांतून परिषदा, ठराव आणि बायकांची मोठी उपस्थिती कळते. त्या उपस्थितीतली बाई कुठून आली, पोरं कुणाकडे ठेवली, घरी काय ऐकलं, हे मुलाखतीतून कळतं. इतिहासलेखनाचं शिक्षण घेतलेल्या कुणीही हीच पद्धत सुचवली असती. ती वापरली मात्र नोकरी करून सवडीने फिरणाऱ्या दोन लेखिकांनी, आणि अगदी वेळेवर. 1927 च्या परिषदेत तरुण असलेल्या बायका तेव्हा ऐंशीच्या घरात पोचत होत्या. दहा वर्षं उशीर झाला असता तर दुसरा भाग लिहिताच आला नसता.

त्यातल्या नागपूरच्या जाईबाई चौधरींची हकीकत रत्नागिरीच्या वाटेशेजारी ठेवून वाचावी. जाईबाई लहानपणी हमालीची ओझी वाहत. एका मिशनरी बाईच्या मदतीने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुढे त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. 1937 च्या डिसेंबरात नागपूरला अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं वागवण्यात आलं. त्यावर अस्पृश्य स्त्रियांनी निषेधाची मोठी सभा घेतली. डोक्यावरचं ओझं उतरवून शाळा चालवणारी बाई देशभरच्या सुशिक्षित बायकांच्या पंगतीत बसते आणि तिथेही तिला जात भेटते. फणसवळ्याच्या मुलीच्या हातावर वरून पडणारे पैसे आणि नागपुरातलं वेगळं ताट यांत वीस वर्षांचं आणि अर्ध्या महाराष्ट्राचं अंतर आहे, अपमान मात्र तोच आहे.

याच नागपुरात जुलै 1942 मध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बायका आल्या होत्या. एकापेक्षा अधिक लग्नं करण्यास बंदी, घटस्फोटाचा हक्क, कामगार बायकांना रजा आणि सवलती, असे ठराव झाले. सुलोचनाबाईंनी संततिनियमनाचा मुद्दा व्यासपीठावरून मांडला. हिंदू कोड बिलाचा वाद देशभर पेटायला अजून काही वर्षं होती. मराठी स्त्री चळवळीचे कालपट तयार करताना हे साल आजही गळतं. मून आणि पवार यांचं पुस्तक आल्यानंतर त्याला निमित्त उरलेलं नाही.

पुस्तक वंदना सोनाळकर यांच्या अनुवादाने 2008 मध्ये इंग्रजीत गेलं. त्याच वर्षी माया पंडित यांनी केलेला 'आयदान'चा अनुवादही आला. जगातल्या विद्यापीठांत ही दोन्ही पुस्तकं दलित स्त्रियांच्या इतिहासासाठी वाचली जातात. रत्नागिरीच्या स्थानिक इतिहासाच्या यादीतही ती असायला हवीत.

लेखिकेच्या कथांकडे यानंतर वळलं की त्यांचा उगम नीट दिसतो. 'सहावं बोट' 1988 मध्ये आलं, 'चौथी भिंत' 1990 मध्ये. म्हणजे पहिला कथासंग्रह आणि मुलाखतींचा ग्रंथ वर्षाच्या अंतराने आले, आणि दुसरा संग्रह लगेच पाठोपाठ. दोन्ही कामं एकाच काळात, एकाच टेबलावर चालू होती. त्यांच्या कथांतल्या बायका ज्या ठसक्याने उत्तर देतात तो ठसका कल्पनेतून आलेला नाही. 'कवच' ही कथा पाहा. खेड्यातली आई शहरात आंबे विकते. बाजारातले पुरुष मालावरून घाणेरडे द्वयर्थी बोलतात. बरोबर असलेल्या लहान मुलाला ते कळून चुकतं आणि त्याचा जीव आईसाठी गोळा होतो. आई मात्र त्या बाजारात स्वतःला सांभाळून, तोंडाला तोंड देऊन उभी राहते. मुंबईच्या श्रीमती ना. दा. ठा. महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ही कथा लागली. 'आयदान' त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं, आणि बाजाराच्या वाटेवरच्या बायका वाचकांना तिथे खऱ्या रूपात भेटल्या. कथाकाराने आधी जे कथेत ठेवलं होतं, त्याचा मूळ पुरावा नंतर स्वतःच दाखल केला.

'आयदान'च्या प्रास्ताविकात आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं त्यांनी सांगितलं आहे, ते अनेकदा उद्धृत होतं. मला त्यात वेदनेइतकंच कसब दिसतं. बांबू चिरून बेळं काढणाऱ्या बाईला कुठलं बेळ कुठे बसेल हे हाताने कळत असतं. मुलाखत, बातमी, घराण्याची आठवण आणि स्वतःचा अनुभव यांची जागा उर्मिला पवार तशाच जाणकारीने ठरवतात. कथेत न बसणारं ग्रंथात जातं, ग्रंथात न बसणारं आत्मकथनात येतं. सामाजिक न्यायाची बाजू घेतलेला लेखक कलेला कमी पडतो, असं समीक्षेत वारंवार ऐकू येतं. या पुस्तकांसमोर ते टिकत नाही. चळवळीने या लेखिकेला विषय दिले हे खरंच, पण त्याहून मोठं म्हणजे ऐकायची सवय दिली. तिच्या भाषेतला नेमकेपणा त्या ऐकण्यातून आला आहे.

धर्मांतराचा भाग 'आयदान'मध्ये मुलीच्या नजरेतून येतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. रत्नागिरीकडच्या वाड्यांत लोकांनी घरचे देव बाहेर काढले, ते पाण्यात सोडले, जुने सण आणि जुनी कामं टाकली. पिढ्यान्पिढ्या पूजलेले देव घराबाहेर जाताना बघणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीला भीती वाटते, कुतूहल वाटतं, मोकळंही वाटतं. धर्मांतराचे ठराव आणि भाषणं आपल्याकडे भरपूर आहेत. एका कोकणी घरात त्या आठवड्यांत काय घडलं, हे सांगणारी साधनं मोजकी, आणि हे त्यांतलं एक.

हीच मुलगी पुढे लेखिका झाल्यावर एक पत्र लिहिते. 'आयदान'ला पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेने लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर केला. समारंभाची सुरुवात सरस्वतीच्या प्रार्थनेने होणार असं कळल्यावर उर्मिला पवार यांनी पुरस्कार नाकारला. एकाच धर्माची प्रतीकं मराठी साहित्याच्या व्यासपीठावर सर्वांची म्हणून का मांडली जातात, असा त्यांनी पत्रातून विचारलेला प्रश्न होता. काहींना तो ताठा वाटला असेल. देव घराबाहेर जाताना पाहिलेल्या आणि त्या निर्णयाची किंमत मोजणाऱ्या समाजातून आलेल्या लेखिकेचं ते अगदी सरळ वागणं होतं. सन्मान ज्यांच्या नावाचा होता त्या लक्ष्मीबाईंनी स्वतः 'स्मृतिचित्रे'मध्ये आपलं सोवळं कसं सुटलं ते लिहून ठेवलं आहे. त्यांच्या नावाला या नकाराने उणेपणा आला असं मला वाटत नाही. सभेला सरावलेल्या प्रार्थनेकडे एकदा थांबून बघायला त्याने भाग पाडलं, आणि वलंगकरांनी 1888 मध्ये दापोलीहून विचारलेल्या प्रश्नांच्या माळेत हा प्रश्न जाऊन बसला.

पुढे सुषमा देशपांडे यांनी 'आयदान' रंगमंचावर आणलं आणि पुस्तक न वाचणाऱ्यांपर्यंतही त्या बायकांचे आवाज पोचले.

शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाचकांना एक विनंती. गावोगावच्या बौद्धवाड्यांत, बौद्धजन पंचायत समितीच्या गाव आणि मुंबई शाखांकडे, महिला मंडळांच्या जुन्या कपाटांत इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं, परिषदांची निमंत्रणं, गटाने काढलेले फोटो असतील. पाऊस आणि वाळवी या दोन्हींना कोकणात कागद फार काळ पुरत नाही. ज्यांच्याकडे यातलं काही आहे त्यांनी त्याची प्रत काढून जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात द्यावी. आणि फोटोतल्या बायका ओळखणारं एखादं वयस्क माणूस घरात असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि फोटोच्या मागे डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहून घ्या.